रात्रीच्या पाण्याचा दर

आरवाडे वहिनींनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

केवळाबाईनं डोक्यावरची पाटी उंबऱ्याशी टेकवली होती, पदरानं मान पुसली होती आणि नेहमीसारखं तांब्याभर पाणी मागितलं होतं. पाणी आलं नाही. फटीतून वहिनींचा अर्धा चेहरा तेवढा आला.

"तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती, केवळाबाई."

"काय झालं वैनी? मागल्या खेपेचा डबा गळाला का काय?"

"डब्याचं सोडा. काल आम्ही काजवा जलनगरीत गेलो होतो, रात्रीच्या पाण्याला. तिथं तिकिटाच्या दारात तुम्हीच होता की."

"मी? मी काल घरात भाकऱ्या थापत होते. सुनेला इचारा, तिनंच बसून खाल्ल्या."

"तुम्ही नाही, तुमचा आवाज. 'एवढ्यात परवडत न्हाई वैनी, माझा पाय निघाला.' किती वर्षं ऐकतेय मी हे! माझ्या नातीचं तोंड रडवेलं झालेलं बघितलंत आणि दर चढवलात. शेजारच्या भोक्र्यांना आमच्या निम्म्या पैशात आत सोडलंत. का? तर त्यांना पोरंबाळं नाहीत."

"वैनी, माझं ऐका तरी..."

"नको. माझ्याकडे काही जुनं निघालेलं नाही. यापुढेही निघणार नाही."

दार लागलं, आणि आवाजही न होता लागलं. आदळलं असतं तर केवळाबाईला बरं वाटलं असतं. आदळलेल्या दाराला उत्तर देता येतं.

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायका सांगली-मिरजेत आता थोड्याच उरल्या होत्या आणि त्या सगळ्या केवळाबाईच्या शब्दात होत्या. कुठल्या गल्लीत कुणाची पाटी फिरायची ते ती ठरवायची. घरात दोन मुलगे, दोन सुना, त्यांची लेकरं, सगळी तिच्या एका खाकरण्यावर सरळ व्हायची. शाळा तिनं दुसरीत सोडली होती, किंवा शाळेनं तिला. ऐकणारा कोण आहे ते बघून ती दोन्ही सांगायची. पण सौद्यात तिला हरवलेला माणूस अजून जन्माला यायचा होता, हे मात्र ती सगळ्यांना एकसारखंच सांगायची.

तिची रीत अशी. साडी उजेडाकडे धरून विरलेली जागा दाखवायची आणि बघायचं मात्र बाईच्या पायांकडे. तोंडानं नको म्हणणाऱ्या बाईचा पाय उंबऱ्यावरून हलला नसेल, तर ते नको खरं नव्हे. जे भांडं बाई हातात घेत नाही पण ज्याच्याकडे वळून वळून बघते, तेच तिला हवं असतं. घरात पोर असेल तर आधी पोराच्या हातात वाटी द्यायची आणि मग किंमत बोलायची. किंमत बोलून झाली की गप्प बसायचं. आणि शेवटी पाटी उचलून चालायला लागायचं. मागून हाक येतेच. केवळाबाईनं मागं वळून कुणाला हाक मारल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

एखाद्या घरी साडी हातात आली की तिला कळायचं, ही बाईची शेवटची धड साडी आहे आणि स्टीलच्या परातीला भुलून ती काढून द्यायला निघाली आहे. अशा वेळी ती उलटी भांडायची. "ठेवा ती कपाटात. डाग हाय हिच्यावर, असला माल मी घेत न्हाई." डाग नसायचा.

त्या दिवशी दुपारपर्यंत विश्रामबागेतली आणखी दोन दारं तशीच लागली. बरोबरची शेवंता म्हणाली, "मावशे, मलापण म्हणाल्या, तुम्ही सगळ्या एकाच माळेतल्या. आता गं?"

केवळाबाईनं पद्मजाला फोन लावला. पद्मजानं उचलला नाही.

पद्मजा तिची धाकटी लेक. घरातली एकटी शिकलेली. काजवा जलनगरीत मोठ्या हुद्द्यावर होती. "काय करते लेक?" म्हणून कुणी विचारलं की केवळाबाई ताठ मानेनं सांगायची, "पाण्यात उजेड पेरते." त्यात खोटं फारसं नव्हतं. तासगाव रस्त्याच्या उघड्या माळावर काजवा उभं राहिलं, तेव्हा पहिला उन्हाळा घसरगुंड्या मोकळ्याच राहिल्या होत्या. ऊनच असं पडायला लागलं होतं की दिवसा माणसं घराबाहेर पडत नव्हती, मग पाण्यात काय उतरतील? तेव्हा त्यांनी ते रात्रीचं पाणी आणलं.

पद्मजानं आईला ते चुलीपाशी बसून समजावलं होतं. समुद्रात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. पाणी हललं, की ते निळे चमकतात. शास्त्रज्ञांनी त्यांचा तो गुण काढून गोड्या पाण्यात जगणाऱ्या शेवाळात घातला. हे शेवाळ दिवसभर उन्हात बसून पोटात उजेडाचं द्रव्य साठवतं, रात्री कुणी पाण्यात उडी मारली की चमकतं. हात फिरवला तर हातामागं निळी रेघ, पोर घसरून आलं तर उजेडाचा लोट. पण एकदा चमकलेला जीव पुन्हा लगेच चमकत नाही. त्याचं पोट रिकामं झालेलं असतं, ते भरायला दुसऱ्या दिवशीचं ऊन लागतं.

"म्हणजे दुभत्या म्हशीसारखं," केवळाबाई म्हणाली होती. "पहिल्यानं जाईल त्याला दूध, मागनं जाईल त्याला शेण."

"तसंच, आये. एका रात्रीत उजेड ठरलेलाच. जितकी माणसं उतरतील तितका लवकर संपणार. म्हणून रात्रीला एकच दर ठेवून चालत नाही. ज्याला जास्त हवंय त्यानं जास्त द्यायचं."

"आन् कुणाला किती हवंय ते कसं कळणार?"

त्यावर पद्मजा हसली होती आणि तव्यावरची भाकरी उलटायला उठली होती.

लेकीचा फोन संध्याकाळपर्यंत नुसता वाजतच राहिला. मग केवळाबाईनं पाटी घरी ठेवली, तोंड धुतलं आणि बस थांब्यावर जाऊन उभी राहिली. समोर आलेल्या बसकडे बघताच चष्म्याच्या काडीतून कानात आवाज आला, "तासगाव, मार्गे कवलापूर." हा चष्मा पद्मजानं दिलेला, मागच्या वर्षी मोतीबिंदू काढल्यावर. पाटी वाचायचा, औषधाची बाटली वाचायचा, नोट कितीची ते सांगायचा. केवळाबाई झोपताना तेवढा काढायची. लेकीनं आपल्याला डोळे दिले, असं तिनं गल्लोगल्ली सांगितलं होतं.

काजव्याच्या दारासमोर लांबच लांब रांग होती. दिवसाचा दर फळ्यावर लिहिलेला होता, रात्रीच्या फळ्यावर आकडाच नव्हता. चष्मा कानात वाचू लागला, "रात्रीचा दर, तुमच्या मनासारखा." दारात माणसाएवढा पडदा होता. त्यावर डोक्यावर पदर घेतलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. लोक तिला मावशी म्हणत होते आणि एकेक कुटुंब पुढं होऊन तिच्याशी घासाघीस करत होतं. भिंतीपलीकडून पोरांच्या किंकाळ्या येत होत्या. प्रत्येक किंकाळीसरशी भिंतीच्या वरची हवा निळी व्हायची. रांगेतली पोरं माना वर करून बघत राहायची. भिंत मुद्दाम तेवढीच बुटकी ठेवली आहे, हे केवळाबाईच्या लगेच ध्यानात आलं. माल दिसला पाहिजे, पण हाताला लागता कामा नये.

तिच्या पुढं हळदीच्या वखारीतला एक हमाल होता. बोटं अजून पिवळी होती. बायको होती, कडेवर मुलगी होती.

"या दादा, या वैनी," पडदा म्हणाला, आणि केवळाबाईच्या अंगावर काटा आला. आवाज तिचा होता. थोडा धुवून-पुसून घेतलेला, तरुण केलेला, पण तिचाच. "काय गं बाळे, आत जायचं का? हे बघ, तुझ्यासाठी काय हाय!" खालच्या फटीतून निळ्या पाण्यानं भरलेली एक छोटी कुपी बाहेर आली. मुलीनं ती हलवली आणि तिचं सगळं तोंड उजळलं.

आधी पोराच्या हातात वाटी द्यायची, मग किंमत बोलायची.

"तिघांचे अठराशे," मावशी म्हणाली आणि गप्प बसली.

हमालानं बाराशे म्हटलं. मावशी गप्पच. त्यानं बायकोकडं बघितलं. "तेराशे," तो म्हणाला. कुणीही काही न बोलताच त्यानं स्वतःचा आकडा चढवला होता. केवळाबाईला त्याला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे बाबा, तू पण गप्प बस. पण तिचं तोंड उघडलं नाही. शेवटी मावशी म्हणाली, "एवढ्यात परवडत न्हाई दादा, माझा पाय निघाला." चित्रातल्या बाईनं पाठ फिरवली. मुलगी रडायला लागली. हमालानं हाक मारली, "ओ मावशी, थांबा! सतराशे देतो." बायकोनं पदराच्या गाठीतून उरलेल्या नोटा काढल्या. ती गाठ ज्या हातानं सोडवली, तो हात केवळाबाईनं ओळखला. शेवटची साडी काढून देणाऱ्या बायांचा हात तसाच हलतो. पडद्याच्या जागी केवळाबाई असती तर म्हणाली असती, जा घरी, पाण्यात काही नाही, शेवाळ आहे.

मावशी म्हणाली, "या, या. हसत जा."

मग तिची स्वतःची पाळी आली. मी पद्मजा मॅडमची आई, असं म्हणाली असती तर दाराशी उभ्या शिपायानं हात धरून आत नेलं असतं. पण केवळाबाईच्या जिभेवर ते येईना. तिला या सटवीला हरवायचं होतं.

"एकटीच का आलाय, आत्या?" मावशीनं विचारलं. "एकटीचे हजार."

"हजारात मी तुझी घसरगुंडी उपटून घरी नेते. शंभर."

"बोलताय झकास! पण आत्या, घाईनं आलाय तुम्ही. दम लागलाय. आतमध्ये कोणतरी हाय तुमचं."

केवळाबाईनं श्वास आवरला, चेहरा दगडासारखा केला, पाय मागं घेतला. ही सगळी युद्धं तिनं लढलेली होती. पण हे युद्ध ती स्वतःशीच लढत होती आणि पलीकडची ती कधी थकत नव्हती. तिनं दोनशे म्हटलं, अडीचशे म्हटलं, शिव्या दिल्या. मावशी हसली, गप्प बसली, मग म्हणाली, "बरं आत्या. राहू द्या. मागच्यांना येऊ दे." आणि पाठ फिरवली.

"ए बाई, थांब!"

हाक कुणी मारली ते केवळाबाईला क्षणभर कळलं नाही. मग रांगेतले लोक आपल्याकडं बघताहेत हे दिसलं. तिनं हजार रुपये मोजून दिले.

पद्मजा वरच्या काचेच्या खोलीत होती. खाली निळं पाणी उसळत होतं आणि भिंतीवरच्या पडद्यांवर दारातली माणसं दिसत होती. माणसांचे नुसते पाय, नुसते डोळे, शेजारी वरखाली होणारे आकडे.

"आये! तू आत कशी आलीस?"

"पैसे भरून. तुझ्या मावशीनं मला सौद्यात हरवलं."

पद्मजाला हसू फुटलं, मग आईचं तोंड बघून ते विझलं.

"चष्मा," केवळाबाई म्हणाली. एवढंच.

पद्मजा खुर्चीत बसली. पडद्यांकडं बघत बोलली. "यंत्राला मन कळत नाही, आये. कुठल्या खुणेनंतर माणूस हो म्हणतं, तेवढंच ते मोजतं. डोळ्यातली बाहुली मोठी झाली, आवाज चढला, पाय कुठं वळले. या खुणा टिपणारे कॅमेरे सगळ्यांकडं आहेत. पण कधी गप्प बसायचं, कधी उठायचं, हे कुणाकडं नव्हतं. बाहेरच्या देशातल्या कंपन्यांकडंसुद्धा नव्हतं. ते तुझ्याकडं होतं. चष्म्यातून यंत्रानं तुझे वर्षभराचे सौदे बघितले, ऐकले. जगात असलं दार पहिलं आपलं."

एक क्षण केवळाबाईची छाती फुगली. जगात पहिली! आणि दुसऱ्या क्षणी आपण फुगलो याचीच तिला शरम वाटली.

"आन् मी ज्यांना साड्या परत दिल्या? खणभागातली ती बाळंतीण? तिच्या वक्ताला मी साडी न घेता उठून आले, ते न्हाई शिकली तुझी मावशी?"

"ते सौदे काढून टाकले."

"का?"

"त्यात सौदा झालाच नव्हता ना, आये. यंत्राच्या लेखी ते चुकलेले."

"चुकलेले," केवळाबाई म्हणाली. मग म्हणाली, "मला इचारलं का न्हाईस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हंजे उत्तर म्हाईत होतं तुला."

पद्मजा उठली आणि आईच्या जवळ आली. तिचा आवाज मऊ झाला. "ऐक. झालं ते झालं. लोक आवाज ओळखायला लागल्यापासून साहेबांना धास्ती बसलीय. तू फक्त माझी हरकत नाही, एवढं सगळ्यांसमोर म्हण. दारावर तुझं नाव लावू. केवळामावशीचं दार. दर महिन्याला तुला पैसे येतील. पाटी वाहायला नको, उन्हात फिरायला नको."

आणि ती गप्प बसली.

केवळाबाई विचारात पडली. पाटी खरंच जड झाली होती. नाव दारावर, एवढ्या मोठ्या अक्षरात. पद्मजा तिच्या तोंडाकडं बघत नव्हती. ती बघत होती पायांकडं.

"बरं, राहू दे आये," पद्मजा म्हणाली. "तुला नाही पटत तर नाही. मी साहेबांना तसं सांगून टाकते." आणि पाठ फिरवून पडद्यांकडं चालायला लागली.

हाक केवळाबाईच्या गळ्यापर्यंत आली होती. तिथंच ती थिजली. ही पद्मी? कोथिंबीर आणायला पाठवली तर भाजीवाली सांगेल तेवढे पैसे देऊन, वर तिलाच 'बरं हां' म्हणून येणारी? रिक्षावाल्यानं दुप्पट मागितले तरी मान खाली घालून देणारी? घासाघीस म्हटली की जिच्या हाताला घाम सुटायचा? त्या पाठीतला तो थंडपणा हिचा नव्हता.

"पद्मे, कानात काय हाय तुझ्या?"

पद्मजा वळली. केसांआड काहीतरी ज्वारीच्या दाण्याएवढं लुकलुकत होतं.

"काढ."

तिनं काढलं. तळहातावर घेऊन उभी राहिली, आणि एकदम पुन्हा ती कोथिंबिरीची जुडी घेऊन आलेली पोरगी झाली. "आये... मला नाही जमत तुझ्याशी बोलायला. कधीच जमलं नाही. हे पुढच्या महिन्यात दवाखान्यांच्या काउंटरला लागणार आहे. मग शाळांच्या प्रवेशाला. आवाज तूच. मी आता थांबवू शकत नाही. पण तू हो म्हणालीस तर माझी नोकरी तरी राहील."

"दवाखान्यात," केवळाबाई म्हणाली. "आजारी पोर कडेवर घेतलेल्या बाईबरोबर." तिनं त्या दाण्याकडं बोट केलं. "आन् हे घरी असताना पण असतं का कानात?"

"आये..."

"नव्या घरासाठी माझ्या पाटल्या मागितल्यास. मी नको म्हणाले. तू म्हणालीस, राहू दे आये, नको तर नको. आन् पिशवी उचलून दारापर्यंत गेलीस. मीच मागनं हाक मारली तुला. तवा होतं का हे कानात?"

पद्मजा काही बोलली नाही. खाली पाणी उसळून निळं झालं, विझलं. सौद्यात एवढा वेळ गप्प राहिलेल्या माणसाचं उत्तर काय असतं, ते केवळाबाईला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. जिना उतरली, दाराबाहेर आली आणि रांगेच्या तोंडाशी मावशीच्या पडद्याला पाठ लावून उभी राहिली.

"ओ दादा, ओ वैनी, ऐका जरा," गल्लीत भांड्यांची हाळी द्यायची त्याच आवाजात तिनं सुरुवात केली. शिपाई पुढं झाला आणि तिच्या नजरेनं मागं गेला. "ही आतली बाई म्हंजे मी हाय. आवाज ऐका, पटंल. हिचे सगळे डाव माझे हायत, म्हणून सांगते. ती कुपी पोराच्या हातात घेऊ नका. पोराला तोंड फिरवून उभं करा. ती गप्प बसली की तुम्ही पण गप्प बसा, जीव गेला तरी आकडा वाढवू नका. दर ऐकताना भिंतीकडं बघायचं न्हाई. आन् ती पाठ फिरवंल, तर तुम्ही आधी फिरवा. घराकडं चालायला लागा."

लोक आधी हसले. मग एका म्हातारीनं नातवाला मागं सारलं आणि खरंच गप्प बसली. मावशीनं दर सांगितला. म्हातारी भिंत बघेना, पडदा बघेना, पदराशी चाळा करत राहिली. दर उतरला. म्हातारी चालायला लागली. "ओ आजी, थांबा की!" मावशीनं केवळाबाईच्या आवाजात हाक मारली, आणि रांगेत हशा पिकला. केवळाबाईला हसू आलं नाही. आपला आवाज अजिजीला आला की असा लागतो, हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं.

तोच डाव तिनं पुढच्याला शिकवला, त्याच्या पुढच्याला शिकवला. आयुष्यभर सुनांनासुद्धा न दाखवलेलं ती रस्त्यावर वाटत सुटली. रांगेत विश्रामबागेतल्या दोघी होत्या, खणभागातल्या होत्या. त्यांनी मन लावून ऐकलं. उद्यापासून या बायका दारात आपल्यालाही असंच वागवणार, हे तिला कळत होतं. शेवंतालाही, आणि बाकीच्या सगळ्या पाट्यांनाही.

पद्मजा धावत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"आये, काय चालवलंयस! तुझाच धंदा बुडवतेयस तू. आणि याचा उपयोग नाही, कॅमेरे चालू आहेत. ते आज तुला बघतंय, उद्यापर्यंत यावरही तोड शिकेल."

"शिकंल की. तुझ्यापेक्षा बरं शिकतं ते."

"असं नको ना बोलूस." पद्मजा रडायला लागली, खरंखुरं, नाक ओढत, लहानपणी रडायची तसं. "चल घरी. मी सोडते तुला. चष्म्याशिवाय तुला बसची पाटी पण..."

केवळाबाईनं तिच्याकडं बघितलं. पायांपासून सुरुवात करून वर बघत गेली. दारातल्या नव्या गिऱ्हाइकाला जोखतात तशी.

"जरा बाजूला व्हा, वैनी," ती म्हणाली. "मागच्यांना पुढं येऊ द्या."